यंत्राच्या पोटातलं यंत्र हलवताना

शनिवारी दुसरी पाळी सुटली की भोसरी एमआयडीसीतल्या या कारखान्यात आयटी विभागाची पाळी सुरू होते. कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. शॉपफ्लोअरवरची सीएनसी यंत्रं थांबली आहेत, कॅन्टीनमधून भांडी घासल्याचा आवाज येतो आहे आणि पहिल्या मजल्यावरच्या थंड खोलीत तीन सर्व्हर एका सुरात घोंघावत आहेत. या तिघांच्या आत तीसेक संगणक चालतात. हजेरीचा वेगळा, ईआरपीचा वेगळा, टॅलीचा वेगळा, ड्रॉइंग ठेवण्याचा वेगळा. त्यांतल्या एकालाही स्वतःचा पत्र्याचा डबा नाही. प्रत्येक संगणक म्हणजे डिस्कवरच्या काही फाइली. कागदोपत्री त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, इथे सगळे नुसतं ‘व्हीएम’ म्हणतात.

संपादकांनी यंदा ‘स्थलांतर’ हा विषय दिला, तेव्हा माणसांच्या स्थलांतरावर लिहिणारे पुष्कळ असतील हे दिसत होतं. म्हणून मी या खोलीकडे वळलो. इथली सगळी व्हीएम व्हीएमवेअरच्या व्यवस्थेतून प्रॉक्समॉक्सच्या व्यवस्थेत न्यायची होती. सर्व्हर आता आहेत तेच राहणार, खालचे कामगार तेच, हजेरीचा पंच तोच. बदलणार होता तो मधला थर: एका लोखंडी यंत्रात अनेक यंत्रं असल्याचा भास उभा करणारा हायपरव्हायजर.

“सोमवारी सकाळी सातला पहिली पाळी पंच करते,” आयटीप्रमुख मॅडम म्हणाल्या. “त्या वेळी कुणालाही काही बदललंय असं वाटता कामा नये. एवढंच काम आहे.” मग त्यांनी टेबलावरची जाड वही उघडली. ‘एवढंच’ किती आहे, ते त्या वहीत होतं.

लायसन्सचा हिशेब

एका यंत्रात अनेक यंत्रं चालवायची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० बाजारात आणलं, त्याआधी काही वर्षं तिच्या प्रयोगशाळेत हे चाललं होतंच. पण आपल्या टेबलावर आलेल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरची रचना या खेळाला सोयीची नव्हती. ती अडचण सॉफ्टवेअरच्या करामतीने ओलांडता येते हे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या हाती लागलं, आणि १९९८ मध्ये डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर स्थापन केली. पुढच्या दशकात सर्व्हररूमांचा चेहराच बदलला. दहा टक्केही न वापरले जाणारे दहा डबे काढून त्यांच्या जागी एक दणकट डबा येऊ लागला. वीज वाचली, एसी वाचला, जागा वाचली. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांपर्यंतही ही सोय पोचली.

मग मालकी बदलत गेली. व्हीएमवेअर आधी ईएमसीकडे गेली, ईएमसीबरोबर डेलकडे, पुढे स्वतंत्र झाली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती सुमारे ६९ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यानंतरच्याच महिन्यात कायमचं लायसन्स विकणं बंद झालं. आता वर्गणी भरायची, तीही प्रोसेसरच्या कोअरप्रमाणे मोजून, आणि एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. या खोलीतल्या तीन सर्व्हरांत प्रत्येकी दोन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येक प्रोसेसर ८ कोअरचा. म्हणजे लोखंड ४८ कोअरचं आणि हिशेब ९६ कोअरचा. अमेरिकेत एटी अँड टीसारखी बलाढ्य कंपनी २०२४ मध्ये ब्रॉडकॉमविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली. आपल्याकडची सुमारे ७५,००० व्हीएम या सॉफ्टवेअरवर चालतात आणि नव्या प्रस्तावात वार्षिक खर्च १,०५० टक्क्यांनी वाढतो, असं तिचं म्हणणं होतं. पुढे दोघांत तडजोड झाली.

भोसरीतल्या कारखान्याला कोर्टकचेरी परवडण्यासारखी नव्हती. मालकांनी दोन ओळींचा प्रश्न विचारला: दुसरीकडे जाता येईल का, आणि किती दिवस काम थांबेल? पर्याय बरेच होते. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही होतं, न्यूटानिक्स होतं, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये २००७ पासून असलेलं केव्हीएम होतं. या केव्हीएमवर व्हिएन्नाच्या एका कंपनीने २००८ पासून जी व्यवस्था बांधत आणली, ती प्रॉक्समॉक्स. हिचं सॉफ्टवेअर खुलं आहे. पैसे द्यायचे ते सेवेसाठी. निवड तिच्यावर ठरली.

वीतभर फाइल आणि तिच्यामागची

काम करायला आलेला इंजिनिअर तिशीच्या आतला. त्याने लॅपटॉपवर हजेरीच्या व्हीएमचा फोल्डर उघडून दाखवला. “यातली खरी डिस्क कुठली, सांगा बरं सर.”

व्हीएमडीके नावाची फाइल दिसत होती. आकार एक केबीसुद्धा नाही. त्याने ती साध्या मजकुरासारखी उघडली. आत डिस्कचं वर्णन होतं: सेक्टर ८,३८,८६,०८०, कंट्रोलर अमुक जातीचा, प्रत्यक्ष माल ‘फ्लॅट’ नावाच्या शेजारच्या फाइलीत. एक सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे हिशेबाने ४० जीबीची डिस्क. शेजारची फ्लॅट फाइल बरोबर तेवढ्याच आकाराची. तिच्यात पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत डिस्क जशीच्या तशी उतरलेली. घाईत लोक पहिली छोटी फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतात आणि बॅकअप झाला म्हणून निवांत होतात, असं तो हसत म्हणाला.

प्रत्येक घराण्याने डिस्क लिहून ठेवायची आपली तऱ्हा काढली आहे. व्हीएमवेअरची व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, केव्हीएमच्या जगातली क्यूकाउ-टू, मायक्रोसॉफ्टची आधी व्हीएचडी आणि मग व्हीएचडीएक्स. व्हीएचडी मुळात मायक्रोसॉफ्टची नव्हे. कनेक्टिक्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ती बनवली आणि मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये तिचं हे तंत्रज्ञान विकत घेतलं. आजही कुठलीही व्हीएचडी घ्या, तिच्या शेवटच्या ५१२ बाइटांच्या सुरुवातीला त्या कंपनीचं नाव लिहिलेलं सापडतं, जागा आठच अक्षरांची म्हणून एक ‘एन’ गाळून. कंपनी मिटली तरी प्रत्येक डिस्कच्या शेपटाला तिचा शिक्का राहिला. पुढे २०१२ मध्ये आलेल्या व्हीएचडीएक्सने दोन टीबीच्या आसपासची जुनी मर्यादा ६४ टीबीपर्यंत नेली आणि वीज गेली तरी डिस्कची अंतर्गत नोंद बिघडू नये याची तजवीज केली. तरीही मायक्रोसॉफ्टच्याच अझ्युरवर स्वतःची डिस्क चढवायची तर ती आजही जुन्या व्हीएचडीतच, पूर्ण आकाराची करून, द्यावी लागते.

या तऱ्हांमध्ये फरक मांडणीचा आहे. क्यूकाउ-टूमध्ये डिस्कचे तुकडे पाडून कुठला तुकडा फाइलीत कुठे आहे याचा तक्ता ठेवलेला असतो. जिथे काहीच लिहिलं गेलं नाही, त्या तुकड्याला जागाच दिली जात नाही. त्यामुळे ५०० जीबीची म्हणून दिलेली डिस्क ८० जीबीतही मावते. एका मांडणीतून दुसरीत नेणारं सर्वांत वापरातलं हत्यार म्हणजे केमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं छोटं रूपांतरक. केमू लिहिलं ते फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने, २००३ मध्ये. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणारं एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर सुरू करणाराही हाच. चित्रफीत असो की अख्खा संगणक, एका साच्यातून काढून दुसऱ्यात ओतायची जगभरची रोजची दोन हत्यारं एकाच माणसाने सुरू करून दिली.

इंजिनिअरने एका ओळीची आज्ञा टाइप केली. टक्केवारीचा आकडा सरकू लागला. “हे झालं की झालं?” मी विचारलं.

“हे तर सगळ्यात सोपं,” तो म्हणाला. “आधी स्नॅपशॉट बघितले ना, ते महत्त्वाचं.”

स्नॅपशॉट म्हणजे अपडेट टाकण्याआधी मारलेली खूण, बिघडलं तर तिथवर परत यायला. खूण मारली की मूळ डिस्क गोठते आणि पुढचे बदल एका नव्या, पुरवणी फाइलीत जमा होतात. पुरवणीवर पुरवणी अशी साखळी वाढत जाते. प्रत्येक कडीत आपल्या आधीच्या कडीचा ओळखक्रमांक नोंदवलेला असतो आणि तो जुळला नाही तर साखळी तुटली. ड्रॉइंगच्या व्हीएमवर कुणीतरी दीड वर्षापूर्वी खूण मारून ठेवली होती. नुसती मूळ डिस्क उचलली असती तर नव्या घरी ती सुरळीत सुरू झाली असती, कुठलीही चूक न दाखवता, फक्त दीड वर्षापूर्वीची ड्रॉइंग घेऊन. म्हणून आधी पुरवण्या मूळ डिस्कमध्ये मुरवायच्या, मगच हात लावायचा.

निळी स्क्रीन

रूपांतर झालेली पहिली विंडोज व्हीएम सुरू केली. लोगो आला, ठिपके फिरले आणि निळी स्क्रीन. इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. मॅडमनी वहीत वेळ टिपली. इंजिनिअरने चहाचा घोट घेतला. दोघांनाही हे अपेक्षित होतं. मुद्दामच बिनमहत्त्वाचं यंत्र आधी घेतलं होतं.

डिस्कवरचा एकही बाइट हरवलेला नव्हता. विंडोजला मात्र आपल्याच डिस्कपर्यंत पोचता येत नव्हतं. जुन्या जागी तिला अमुक जातीचा डिस्क कंट्रोलर दिसे आणि त्याचा ड्रायव्हर तिच्याकडे होता. नव्या जागी व्हर्टआयओ नावाचा वेगळाच कंट्रोलर दिसला, त्याचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर डिस्कवरून वाचायचा, तर डिस्क वाचायलाच तो ड्रायव्हर हवा. व्हर्टआयओ हे खऱ्या कुठल्याही कार्डाची नक्कल करत नाही. आपण व्हर्च्युअल आहोत हे पाहुण्या यंत्राला उघड सांगून मधली नाटकं वाचवतं, म्हणून ते वेगवान. पण लिनक्समध्ये त्याचे ड्रायव्हर आधीपासून असतात, विंडोजमध्ये बाहेरून घालावे लागतात.

त्यावरची युक्ती सगळ्या इंजिनिअरांना पाठ आहे. मुख्य डिस्क जुन्या, ओळखीच्या पद्धतीची नक्कल करणाऱ्या कंट्रोलरला जोडायची. सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर लावायची. विंडोज मुख्य डिस्कवरून सुरू होते, रिकाम्या डिस्कच्या निमित्ताने नवा ड्रायव्हर बसवून घेते, मग यंत्र बंद करून मुख्य डिस्कही व्हर्टआयओवर घ्यायची आणि ती रिकामी डिस्क फेकून द्यायची. रेड हॅटच्या मंडळींनी विकसित केलेलं व्हर्ट-व्ही-टू-व्ही हे काम आणखी पुढे नेतं: बंद असलेल्या विंडोजची रजिस्ट्री बाहेरून उघडून ड्रायव्हर आधीच पेरून ठेवतं.

लिनक्सवाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. काही वितरणं सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं बांधताना फक्त सध्याच्या यंत्रापुरतेच घेतात. जागा बदलली की तेही अर्ध्यात अडकतं. शिवाय जुनं यंत्र बायोसने सुरू होत होतं की यूईएफआयने, हे नव्या जागी तसंच निवडावं लागतं. उलट निवडलं तर सुदृढ डिस्क समोर असूनही ‘बूट करण्यासारखं काही सापडत नाही’ असं उत्तर मिळतं.

साडेपाच तास मागे

यंत्र सुरू झालं म्हणजे काम संपलं असं नाही, हे वहीच्या पुढच्या पानांवरून कळत होतं. हजेरीच्या व्हीएमपुढे मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं: ‘घड्याळ बघणे’.

कारण असं. विंडोज धरून चालते की मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं. लिनक्सच्या जगात ते ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर ठेवायची रीत आहे. प्रॉक्समॉक्समध्ये पाहुणं यंत्र ‘विंडोज’ आहे असं नीट नोंदवलं तर ते स्थानिक वेळ पुरवतं. घाईत प्रकार ‘इतर’ असा राहिला, तर विंडोज जागतिक वेळेलाच भारतीय वेळ समजते आणि साडेपाच तास मागे पडते. दुपारी साडेतीनला आलेल्या दुसऱ्या पाळीची हजेरी सकाळी दहाची लागेल. युनियनशी बोलताना हे रूपांतराचं गणित कुणी ऐकून घेणार नाही. डोमेनवरच्या लॉगिनचंही तसंच. दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त अंतर पडलं की कर्बेरॉसची व्यवस्था पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही.

नेटवर्कची गोष्ट निराळी. व्हीएमवेअरमध्ये लिनक्सला आपलं नेटवर्क कार्ड बहुधा ‘ईएनएस१९२’ या नावाने दिसतं, प्रॉक्समॉक्समध्ये ‘ईएनएस१८’. आयपी पत्ता पहिल्या नावावर लिहिलेला असला तर दुसरं कार्ड बिनपत्त्याचं राहतं. विंडोजमध्ये याच्या उलट भानगड होते. गेलेलं कार्ड यादीत दिसत नाही, पण रजिस्ट्रीत बसून आयपी धरून ठेवतं. नव्या कार्डाला तोच पत्ता द्यायला जावं तर विंडोज म्हणते, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. मग लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ते अदृश्य कार्ड हाताने काढायचं.

काही सॉफ्टवेअरांची लायसन्सं नेटवर्क कार्डाच्या मॅक क्रमांकाला बांधलेली असतात. नवं यंत्र नवा क्रमांक घेऊन जन्मतं आणि सॉफ्टवेअर आपल्याला चोरलं असं समजतं. जुना क्रमांक आधी टिपून नव्या कार्डाला दिला की बऱ्याचदा भागतं. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क असेल तर तिची किल्ली जुन्या जागेच्या व्हर्च्युअल टीपीएम चिपमध्ये राहते, ती सोबत येत नाही. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती आधीच कागदावर उतरवली नसेल तर रूपांतर निर्दोष होऊनही माल हाती लागत नाही. आणि व्हीएमवेअर टूल्स नावाचं सोबतचं सॉफ्टवेअर जुन्या जागी असतानाच काढून टाकलेलं बरं. नंतर त्याचा अनइन्स्टॉलर ‘हे यंत्र व्हीएमवेअरवर नाही’ म्हणून कामच नाकारतो.

यांपैकी एकही गोष्ट डिस्कच्या फाइलप्रकाराशी संबंधित नाही. रूपांतर करणाऱ्या हत्याराला त्या दिसतही नाहीत.

बिल्टीचा उपयोग किती

हे सगळं एका प्रमाणात बसवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २००७ मध्ये डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स यांनी मिळून ओव्हीएफ नावाचा खुला आराखडा मांडला. पुढे तो आंतरराष्ट्रीय मानकही झाला. यंत्राला किती मेमरी, किती प्रोसेसर, कुठली डिस्क, कुठलं नेटवर्क, हे एका मजकुराच्या फाइलीत लिहायचं, प्रत्येक फाइलीची पडताळणी करता येईल असा हॅश जोडायचा आणि हवं तर सगळं एका ओव्हीए पुडक्यात बांधायचं.

खालच्या गेटवर ट्रकवाल्याच्या हातात असते तशी ही बिल्टी आहे. खोक्यात काय आहे आणि किती आहे ते तिच्यावर नीट लिहिलेलं असतं. मात्र आतला माल समोरच्याच्या यंत्रावर बसेल याची हमी बिल्टी देत नाही. ओव्हीएफने डिस्क कुठल्या प्रकारची ते नोंदवायला सांगितलं, एकच प्रकार सगळ्यांनी वापरावा असं बंधन घातलं नाही. प्रत्येक उत्पादकाला आपल्या खास नोंदी जोडायची मुभा राहिली. त्यामुळे एकाने बांधलेलं पुडकं दुसऱ्याकडे उघडतं, पण कंट्रोलर, कार्ड, फर्मवेअर यांपाशी पुन्हा माणूस लागतोच.

मार्च २०२४ मध्ये प्रॉक्समॉक्सने थेट व्हीएमवेअरच्या होस्टकडून यंत्र ओढून घेणारी सोय आणली. होस्टचा पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, यादीतून व्हीएम निवडायची, सेटिंगं बरीचशी आपोआप जुळतात. जुन्या ग्राहकांची रीघ लागेल हे ओळखूनच हे दार उघडलेलं. तरीही इंजिनिअर प्रत्येक यंत्रामागे मॅडमच्या वहीतलं पान उघडूनच पुढे जात होता.

सोमवार सातच्या आत

गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास माल जातो. एक टीबी जायला अडीच तास. बारा टीबीचा पसारा असेल तर नुसत्या वाहतुकीला तीस तास, तेही काही अडलं नाही तर. म्हणून मोठ्या कंपन्या यंत्र चालू असतानाच बहुतांश डिस्क आधी नेतात. पहिली प्रत घेतल्यावर कुठले तुकडे बदलले याची नोंद व्हीएमवेअर ठेवतं, मग फक्त तेवढे तुकडे पुन्हा पुन्हा आणायचे आणि शेवटी काही मिनिटं यंत्र बंद करून उरलेसुरले बदल घेऊन नव्या जागी सुरू करायचं. या कारखान्याने सोपी वाट धरली: छोटी यंत्रं आधीच्या शनिवारी, ईआरपी आणि ड्रॉइंग या शनिवारी, यंत्र पूर्ण बंद करून.

एक नियम मात्र भिंतीवर चिकटवलेला होता: ‘नवीन सुरू, तर जुन्याचं नेटवर्क बंद.’ दोन्ही एकदम चालली तर एकाच पत्त्याची, एकाच नावाची दोन यंत्रं होतात. ईआरपीत अर्धी चलनं इकडे, अर्धी तिकडे पडली तर ती नंतर एकत्र करणारं कुठलंही हत्यार नाही. जुनी प्रत मात्र पुसायची नाही. परतीची वाट म्हणून महिनाअखेरचा हिशेब होईपर्यंत ती तशीच ठेवायची.

एक यंत्र सर्वांनी शेवटी ठेवलं होतं. क्वालिटी लॅबमधलं, विंडोज सर्व्हर २००३ वरचं. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार २०१५ मध्येच काढून घेतला; त्यावरचं मोजमापाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही आता नाही. व्हर्टआयओचे नवे ड्रायव्हर त्याला चालत नाहीत. इंजिनिअरने त्याच्या रजिस्ट्रीत जुन्या आयडीई कंट्रोलरच्या नोंदी आधी घातल्या आणि डिस्क आयडीईवरच ठेवली. हळू चालेल, पण चालेल. या यंत्रासाठी व्हर्च्युअलायझेशन हा आसरा आहे, आणि धोकाही. लोखंडावर असतं तर केव्हाच मेलं असतं आणि लॅबला नवं सॉफ्टवेअर घ्यावंच लागलं असतं. मॅडमनी त्याच्यापुढे नवी नोंद केली: ‘इंटरनेट बंद ठेवणे. पुढच्या बजेटात बदलणे.’

वही कुणाची?

रात्री उशिरा ईआरपी सुरू झालं. स्टोअरच्या एका माणसाला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. त्याने एक चलन काढलं, प्रिंट आली, बारकोड वाचला गेला. मग मॅडमनी एकेक खूण केली.

मी वही चाळली. प्रत्येक यंत्रामागे एक पान: कशासाठी आहे, कोण वापरतं, आयपी, मॅक, बायोस की यूईएफआय, लायसन्स कशाला बांधलंय, रिकव्हरी की कुठे ठेवली आहे, कुठलं यंत्र आधी सुरू झालं पाहिजे, चालतंय हे तपासायला कुणाला फोन करायचा. “मागच्या वेळी एक इंजिनिअर सोडून गेला, तेव्हा सुरू केली,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी व्हीएमवेअर सोडायचा विचारही नव्हता.”

इथेच मला या उद्योगातली मेख दिसली. फाइलींचे प्रकार उघडे आहेत, हत्यारं फुकट मिळतात, कुठल्याही कंपनीला आपली यंत्रं कुलूप लावून अडकवून ठेवता येत नाहीत. तरीही असंख्य जण वाढीव वर्गणी भरत राहतात, कारण आपल्या यंत्रांच्या पोटात काय आहे ते सांगणारं पान त्यांच्याकडे नसतं. अडवणूक करायला विक्रेता लागत नाही, आपलं अज्ञान ते काम फुकटात करतं. आणि वाढीव बिल हातात पडल्यावर वही लिहायला बसलं तर नूतनीकरणाची तारीख आधी येते.

कारखान्याने यातून दोन गोष्टी ठरवल्या आणि दोन्ही खरेदी विभागाकडे लेखी गेल्या. एक, यापुढे सर्व्हररूमसाठी काहीही घेताना विक्रेत्याने कोटेशनमध्येच लिहून द्यायचं की इथून बाहेर पडायचं झालं तर माल कुठल्या खुल्या प्रकारात आणि किती वेळात मिळेल. दोन, वर्षातून एकदा कुठल्याही एका यंत्राचा बॅकअप मुद्दाम परक्या हायपरव्हायजरवर चढवून सुरू करून पाहायचा, प्रॉक्समॉक्स समाधानकारक चाललं तरीही. पहिल्या तालमीसाठी मॅडमनी ईआरपी निवडलं आहे. मालकांनी विचारलं, सगळ्यात अवघड यंत्रापासून सुरुवात का? त्यावर त्यांनी एवढंच उत्तर दिलं, की सोपी यंत्रं अडली तर कारखाना थांबत नाही.